संगणक आत्ता घ्यावा की थांबावं?

एकीकडे 'थांबला तो संपला' असं म्हणायचं आणि दुसरीकडे घाटात 'अति घाई संकटात नेई' असा बोर्ड लावायचा, हा आपला जुनाच स्वभाव आहे. डेस्कटॉप कॉम्प्युटर घ्यायची वेळ आली की या दोन पक्षांची लढाई होस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर सुरू होते. एक पक्ष म्हणतो, "घेऊन टाक रे, उद्या-उद्या करत डिग्री संपेल." दुसरा म्हणतो, "येडा आहेस का? सहा महिन्यांत नवीन प्रोसेसर येतोय, मग आत्ताचा स्वस्तात पडेल." गंमत अशी, की दोघेही ठामपणे बोलतात आणि दोघेही एकही आकडा सांगत नाहीत. इंजिनिअरिंगचे विद्यार्थी म्हणून आपण निदान आकडेमोड तरी करावी, म्हणून हा लेखप्रपंच.

थांबण्याची सवय आली कुठून?

१९६५ साली गॉर्डन मूर यांनी 'इलेक्ट्रॉनिक्स' या मासिकात एक अंदाज मांडला : चिपवर बसणाऱ्या घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल. १९७५ मध्ये त्यांनी स्वतःच तो बदलून 'दर दोन वर्षांनी दुप्पट' असा केला. यालाच आपण मूरचा नियम म्हणतो. हा काही ओहमच्या नियमासारखा निसर्गाचा नियम नव्हे. चिप बनवणाऱ्या उद्योगाने स्वतःला लावून घेतलेलं टाइमटेबल म्हणा हवं तर. लोकांच्या तोंडी मात्र 'दर १८ महिन्यांनी वेग दुप्पट' हे रूप बसलं.

आणि ते उगाच नाही बसलं. १९९३ मध्ये पहिला पेन्टियम आला तो ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा. २००० साली प्रोसेसरने १ गिगाहर्ट्झ, म्हणजे १००० मेगाहर्ट्झ गाठले. सात वर्षांत नुसता क्लॉकच पंधरा पट! अशा काळात ज्याने एक वर्ष कळ काढली त्याला त्याच पैशात खरोखरच खूप चांगलं मशीन मिळत असे. आपले काका-मामा त्या काळात कॉम्प्युटर घेणारे. त्यांचा सल्ला त्या काळातला आहे, आणि तोच आपण अजून एकमेकांना देतो.

एम-वनचं गणित

थांबण्याचा हिशेब कुणी केलाच नाही असं नाही. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठाच्या खगोलशास्त्रातल्या काही मंडळींनी अर्धवट गमतीत एक पेपर लिहिला. प्रश्न असा, की एखादं खूप मोठं गणन करायचं असेल तर आजच मशीन घेऊन सुरू करावं, की काही दिवस आराम करून मग जास्त वेगवान मशीन घ्यावं? पेपर गमतीचा असला तरी गणित पक्कं आहे आणि आपल्या एम-वनच्या मॅक्सिमा-मिनिमाच्या बाहेरचं नाही.

आजच्या मशीनवर कामाला लागणारे महिने 'क', आपण थांबणार ते महिने 'थ', आणि वेग दुप्पट व्हायला लागणारे महिने 'द' धरा. 'थ' महिने थांबल्यावर मशीनचा वेग २ च्या (थ ÷ द) व्या घाताइतका पट झालेला असेल. म्हणून,

एकूण वेळ = थ + क ÷ [२ चा (थ ÷ द) वा घात]

याचं 'थ'च्या संदर्भात डेरिव्हेटिव्ह काढून शून्याशी मांडलं, की उत्तर मिळतं : 'क' जर (द ÷ ०.६९३) पेक्षा मोठा असेल तरच थांबण्यात फायदा. ०.६९३ म्हणजे २ चा नॅचरल लॉग. द = १८ धरला तर ही सीमा येते २६ महिन्यांची.

पडताळून बघू. काम ५२ महिन्यांचं आहे. १८ महिने थांबा, मशीन दुप्पट वेगाचं होईल, काम २६ महिन्यांत उरकेल, एकूण ४४. म्हणजे ८ महिने वाचले! आता काम १२ महिन्यांचं घ्या. १८ महिने थांबा, मग ६ महिने काम; एकूण २४. न थांबता १२ मध्येच झालं असतं. म्हणजे मोठ्या कामाला थांबणं परवडतं, छोट्या कामाला नाही.

आता मला सांगा, आपल्यापैकी कुणाचं काम सलग २६ महिने कॉम्प्युटरवर चालणार आहे? आपलं ॲनालिसिस फार तर रात्री जेवायला जाताना लावून सकाळी बघायचं असतं. तेवढ्यासाठी सहा महिने थांबणं म्हणजे बस पाच मिनिटं लवकर पोहोचेल म्हणून उद्याची बस धरणं.

गणितात धरलेल्या तीन गोष्टी

या सूत्रात तीन गोष्टी गृहीत धरल्या आहेत, आणि तिन्ही तपासून बघितल्या पाहिजेत.

पहिली : वेग दर १८ महिन्यांनी दुप्पट होतो. नोव्हेंबर २००४ मध्ये पेन्टियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झला पोहोचला. त्याचा ४ गिगाहर्ट्झचा भाऊ इंटेलने त्याच सुमारास रद्द केला, कारण उष्णता आणि वीज आवाक्याबाहेर चालली होती. २००५ पासून एका चिपवर दोन कोअर बसवण्याचा रस्ता धरला गेला. पुढे २०२३ मध्ये ६ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा डेस्कटॉप प्रोसेसर आला. म्हणजे १९ वर्षांत क्लॉक दुप्पटसुद्धा झाला नाही. अर्थात क्लॉक म्हणजे सर्व काही नव्हे. कोअर वाढले, एका टिकेत होणारं काम वाढलं, एसएसडीमुळे मशीन चटकन सुरू होऊ लागलं. पण जुना सपाटा राहिला नाही. समजा आता दुप्पट व्हायला ३६ महिने लागतात असं धरलं, तर सूत्रातली सीमा जाते ५२ महिन्यांवर. आपली अख्खी डिग्रीच ४८ महिन्यांची!

दुसरी : पैसे तेच राहतात आणि भाव खालीच जातात. २०११ मध्ये थायलंडमध्ये पूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या. २०२०-२१ मध्ये चिपची टंचाई आणि इथेरियमचं मायनिंग एकत्र आलं, आणि ग्राफिक्स कार्डं छापील किमतीत मिळेनाशी झाली. २०२५ च्या उत्तरार्धात एआयच्या डेटा सेंटर्सची मागणी वाढून मेमरीचे भाव चढले; त्या डिसेंबरमध्ये तर मायक्रॉन कंपनीने आपल्यासारख्या किरकोळ ग्राहकांना 'क्रुशिअल' नावाने मेमरी विकणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. 'थांबलं की स्वस्त मिळतं' हा नियम नाही. कधी मिळतं, कधी नाही.

तिसरी, आणि आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाची : काम थांबायला तयार आहे. खगोलशास्त्रज्ञांचे तारे थांबतात हो, युनिव्हर्सिटीचं सबमिशन थांबत नाही!

माझा हिशेब

हे सगळं मी हौस म्हणून वाचलं नाही. माझं मेकॅनिकलचं थर्ड इयर सुरू होतंय आणि यंदा आईचा भिशीचा नंबर लागला. बारा बायका, दरमहा ४,००० रुपये, म्हणजे ४८,०००. घरखर्चातून बाजूला काढलेले हे पैसे वर्षातून एकदाच हातात येतात. त्यामुळे 'घेऊन टाक' आणि 'थांब जरा' हे दोन्ही सल्ले मला सारखेच महाग पडणारे होते.

दुकानदाराने विचारलं, "बजेट किती?" मित्रांनी विचारलं, "कोणता प्रोसेसर?" आईने विचारलं, "तुला लागणार कधी?" तिला सूत्र माहीत नाही, पण विचारायला हवा होता तो प्रश्न तिनेच विचारला.

लागणार आत्ता. या सेमिस्टरपासून सॉलिडवर्क्स आहे, पुढे ॲनालिसिस, मग फायनल इयरचा प्रोजेक्ट. हातात चार सेमिस्टर, म्हणजे २४ महिने. आज ४८,००० चं मशीन घेतलं तर डिग्रीपुरतं बोलायचं झालं तर महिना २,००० रुपये पडतात. सहा महिने थांबलो तर वापरायला उरतात १८ महिने. तोच २,००० चा दर राखायचा असेल तर सहा महिन्यांनी तेच मशीन ३६,००० ला मिळायला हवं. म्हणजे सहा महिन्यांत २५ टक्के घट! २०२५ चे मेमरीचे भाव पाहिल्यावर अशा घटीवर आईचे पैसे लावायची माझी तयारी नाही.

कुणी म्हणेल, डिग्रीनंतरही कॉम्प्युटर चालेलच की. चालेल, जरूर चालेल. पण असेंब्लीचं ड्रॉइंग द्यायच्या दिवशी नसलेला कॉम्प्युटर नोकरी लागल्यावर उपयोगी पडला, म्हणून ते ड्रॉइंग पूर्ण होत नाही. शिवाय पैसेही थांबत नाहीत. आमच्याकडे म्हणतात, पैसे घरात पडून राहिले की त्यांना पाय फुटतात. गच्चीवरचे पत्रे, मावसभावाचं लग्न, कुणाचं तरी आजारपण. सहा महिन्यांत भिशीचे ४८,००० हे ४८,००० राहतील, याची खात्री कोणताही प्रोसेसर देत नाही.

'नवीन येतंय' म्हणजे काय?

१९८१ मध्ये ॲडम ऑस्बोर्न यांनी 'ऑस्बोर्न-१' हा सुटकेससारखा उचलून नेता येणारा कॉम्प्युटर १,७९५ डॉलरला बाजारात आणला. वजन साधारण ११ किलो! (या ऑस्बोर्नसाहेबांचं बालपण तमिळनाडूत गेलं होतं आणि २००३ मध्ये त्यांचं निधनही कोडाईकनाललाच झालं.) मशीन धडाक्यात खपलं. १९८३ मध्ये पुढच्या मॉडेलची बातमी आधीच फुटली, विक्रेत्यांनी जुन्याच्या ऑर्डरी थांबवल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने दिवाळं काढलं. दिवाळखोरीला इतरही कारणं होती असं जाणकार म्हणतात, पण 'ऑस्बोर्न इफेक्ट' हे नाव मात्र कायमचं चिकटलं. आपण यातून एवढंच घ्यायचं, की बातमी म्हणजे मशीन नव्हे. तारीख आणि किंमत दोन्ही जाहीर नसलेल्या वस्तूसाठी थांबू नये.

मग थांबायचं कधीच नाही का?

असंही नाही. तीन वेळा थांबणं शहाणपणाचं आहे.

एक, काम अजून आलंच नसेल तर. फर्स्ट इयरला सी प्रोग्रॅमिंगसाठी कॉलेजची लॅब किंवा घरातलं जुनं मशीन पुरतं. शाखेचे विषय सुरू होईपर्यंत कळ काढा.

दोन, एखादाच भाग टंचाईमुळे महागला असेल आणि त्याच्यावाचून काम चालत असेल तर. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने आपली पद्धत बदलली आणि त्याचं ग्राफिक्स कार्डावरचं मायनिंग संपलं. २०२१ मध्ये ज्यांना फक्त गेम खेळायचे होते आणि ज्यांनी दम धरला, त्यांचे पैसे वाचले.

तीन, हप्त्यावर घ्यावं लागत असेल तर. व्याज भरून घेतलेलं जास्तीचं ग्राफिक्स कार्ड सबमिशनला एकही मार्क वाढवून देत नाही.

'दसऱ्याला घेऊ' हे मात्र या तिन्हींत बसत नाही. साडेतीन मुहूर्तांचा मान राखूनही सांगतो, दसरा येईपर्यंत निम्मं सेमिस्टर संपलेलं असतं.

सुटा सुटा विचार करा

डेस्कटॉपची खरी मजा ही, की तो अख्खा एकदम घ्यावा लागत नाही. लॅपटॉपच्या बाबतीत 'घे' किंवा 'थांब' एवढीच उत्तरं आहेत. डेस्कटॉपमध्ये प्रत्येक भागाला वेगळं उत्तर देता येतं.

मॉनिटर, कॅबिनेट, कीबोर्ड : हे लवकर जुने होत नाहीत. आत्ता घ्या, पुढच्या मशीनलाही चालतील.

एसएमपीएस : यात काटकसर नको. हा बिघडला तर बाकीच्यांनाही घेऊन जाऊ शकतो. गावाकडे लाइट जाते, तेव्हा यूपीएस त्याच बजेटमध्ये धरा.

मदरबोर्ड : ज्याच्या सॉकेटला पुढे रस्ता आहे असा घ्या. एएमडीच्या एएम-४ सॉकेटचे २०१७ चे बरेच बोर्ड बायोस अपडेट करून २०२२ चे प्रोसेसर घेऊ शकले. रॅमचे स्लॉट मोकळे ठेवा.

रॅम : महाग असेल तर १६ जीबीची एकच पट्टी लावा. दोन पट्ट्यांइतका वेग मिळणार नाही, पण काम अडणार नाही. दुसरी नंतर.

ग्राफिक्स कार्ड : प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलेला घेतला तर ड्रॉइंग आणि साधं मॉडेलिंग होतं. प्रोजेक्टचा विषय ठरेपर्यंत कार्डासाठी थांबायला हरकत नाही.

सेकंडहँड घेत असाल तर एक गोष्ट नक्की बघा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतो. लॅमिंग्टन रोडला काय किंवा आपल्या गावच्या दुकानात काय, मशीन चालू करून हे तपासल्याशिवाय पैसे काढू नका. आणि नवीन घेताना बिल पक्कंच घ्या. वॉरंटीच्या वेळी तेच कामाला येतं.

मी स्वतः बोर्ड, प्रोसेसर, एक रॅम, एसएसडी, मॉनिटर आणि यूपीएस आत्ता घेतोय, भिशीच्या पैशात बसेल तेवढंच. ग्राफिक्स कार्डाची जागा रिकामी ठेवतोय.

तेव्हा मित्रांनो, दुकानात जाण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहा : मला कोणतं काम करायचं आहे, ते कोणत्या तारखेला द्यायचं आहे, आणि कोणत्या भागावाचून ते अडतंय. ज्या भागावाचून अडतंय तो आज घ्या. बाकीच्यासाठी खुशाल थांबा.