घरातली प्रयोगशाळा आणि ‘ऑक्सिडायझर’चा धोका

आपल्या मंडळातील बहुतेक घरांत सायन्सची आवड असलेले एखादे तरी मूल असते. सायन्स फेअर जवळ आली की गॅरेज किंवा बेसमेंटचा एक कोपरा प्रयोगशाळा बनतो आणि आईवडिलांना त्याचे कौतुकही वाटते. ते योग्यच आहे. मात्र या हौसेत एक रसायनवर्ग असा शिरतो की ज्याच्याबद्दल पालकांना फारशी माहिती नसते. इंग्रजीत त्याला ऑक्सिडायझर म्हणतात. शाळेच्या मराठी पुस्तकात आपण ‘ऑक्सिडीकारक’ हा शब्द शिकलो होतो. या लेखात त्याची ओळख, त्याचे धोके आणि घरात घ्यायची काळजी पाहू.

ऑक्सिडायझर म्हणजे काय?

आग लागायला तीन गोष्टी लागतात: जळणारा पदार्थ, उष्णता आणि ऑक्सिजन. हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के असतो, म्हणून लाकूड किंवा कागद एका मर्यादित वेगाने जळतो. ऑक्सिडायझर स्वतः बहुधा जळत नाही, पण दुसऱ्या पदार्थाला भरपूर ऑक्सिजन पुरवतो किंवा ऑक्सिजनचेच काम स्वतः करतो. त्यामुळे जे सावकाश जळायचे ते भडकते आणि जे भडकायचे त्याचा स्फोट होतो. सोरा, गंधक आणि कोळसा यांपासून तोफेची दारू बनते हे आपण इतिहासात वाचले आहे. त्यातला सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, हाच ऑक्सिडायझर.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. एरवी आपण आग झाकून, हवा तोडून विझवतो. ऑक्सिडायझरच्या आगीला हा उपाय चालत नाही, कारण तिचा ऑक्सिजन तिच्याजवळच असतो. ११ मे १९९६ रोजी फ्लॉरिडातील एव्हरग्लेड्स दलदलीत व्हॅल्यूजेटचे ५९२ क्रमांकाचे विमान कोसळले आणि त्यातील सर्व ११० माणसे मृत्युमुखी पडली. सामानकक्षात ऑक्सिजन तयार करणारी जुनी उपकरणे ठेवली होती. त्यांत सोडियम क्लोरेट हा ऑक्सिडायझर होता. तो कक्ष हवाबंद असल्याने आग आपोआप विझेल अशी त्याची रचना होती. पण उपकरणेच ऑक्सिजन पुरवत राहिली आणि आग वाढत गेली.

आपल्या घरात हे कुठे सापडते?

हायड्रोजन पेरॉक्साइड. औषधांच्या दुकानातील तपकिरी बाटलीत ते ३ टक्के असते. ‘फूड ग्रेड’ या सोज्ज्वळ नावाने ३५ टक्क्यांचेही विकले जाते. नाव सारखे असले तरी या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. ३५ टक्क्यांचे द्रावण कातडी भाजते, डोळ्यांना कायमची इजा करू शकते, आणि पोटात गेल्यास त्यातून सुटणाऱ्या ऑक्सिजनचे बुडबुडे रक्तात शिरून जीवघेणे ठरू शकतात. काही लोक ते ‘औषध’ म्हणून पाण्यात घालून पितात. तसे करू नये असा इशारा एफडीएने २००६ मध्ये दिला होता.

मुलांचा आवडता ‘एलिफंट टूथपेस्ट’ हा फेसाचा प्रयोग याच रसायनाचा. ३ टक्क्यांचे पेरॉक्साइड, यीस्ट आणि भांड्याचा साबण घेऊन तो शाळेत करतात आणि चष्मा लावून, मोठ्यांच्या देखत केला तर ठीक असतो. व्हिडिओत छतापर्यंत उडणारा फेस दिसतो तो तीव्र द्रावणाचा असतो. त्यात गरम वाफ आणि न विरघटलेले पेरॉक्साइड दोन्ही उडतात. मुलाने ‘जरा स्ट्राँग हवे’ असा हट्ट धरला तर ठामपणे नाही म्हणावे.

पोटॅशियम परमँगनेट. गावी विहिरीत टाकायची किंवा भाजी धुवायची जांभळी पूड आपल्या पिढीला घरगुती वाटते. पण ग्लिसरीनसारख्या साध्या पदार्थाशी गाठ पडली तर काडी न लावताही ती पेट घेते. भारतातून येताना आईवडिलांनी तिची पुडी सामानात आणू नये. ऑक्सिडायझर प्रवाशांच्या कोणत्याही बॅगेत नेण्यास विमानात मनाई आहे.

पूलचे क्लोरीन. याचे दोन मुख्य प्रकार आहेत, कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि ट्रायक्लोर. दोन्ही ‘क्लोरीन’च, म्हणून लोक एकाच डब्यात ओततात किंवा एकच चमचा दोन्हींत वापरतात. त्यातून आग, स्फोट आणि विषारी वायू होऊ शकतो. २००८ ते २०१७ या काळात अमेरिकेत पूलच्या रसायनांमुळे दरवर्षी सुमारे ४,५०० लोकांना इमर्जन्सी रूममध्ये जावे लागले आणि त्यांत एक तृतीयांशाहून अधिक १८ वर्षांखालील मुले होती. थोडेसे पाणीही पुरते. २९ सप्टेंबर २०२४ रोजी जॉर्जियातील कॉन्यर्स येथे एका कारखान्यात स्प्रिंकलरचे पाणी पूलच्या रसायनांवर पडले. त्यातून उठलेल्या ढगामुळे सुमारे १७,००० लोकांना घरे सोडावी लागली.

ब्लीच. हाही ऑक्सिडायझरच. अमोनिया किंवा कोणतेही अॅसिड, अगदी व्हिनेगरसुद्धा, त्यात मिसळले तर विषारी वायू निघतो. बाथरूम अधिक स्वच्छ व्हावी म्हणून दोन क्लीनर एकत्र करण्याची सवय आपल्याकडे बरीच आहे. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना हे आवर्जून सांगावे, कारण बाटल्यांवरची बारीक अक्षरे वाचणे त्यांना अवघड जाते.

फटाक्यांचा मोह

दिवाळी आली आणि दुकानात मनासारखे फटाके मिळाले नाहीत की हुशार मुलांच्या डोक्यात ‘आपणच बनवू’ हा विचार येतो. येथे सर्वांत घातक मिश्रण म्हणजे क्लोरेट आणि गंधक. त्याला ठिणगीही लागत नाही. खलबत्त्यात घासले, डब्याचे झाकण फिरवले, एवढ्यानेही ते उडू शकते. ब्रिटनने फटाक्यांत या जोडीवर १८९४ मध्येच बंदी घातली आणि भारतात ती १९९२ मध्ये आली. ज्यांचा हा पिढीजात धंदा आहे त्यांनाही जे झेपले नाही, ते पंधरा वर्षांच्या मुलाला गॅरेजमध्ये कसे झेपणार?

‘आमचा मुलगा समजूतदार आहे, तो थोडेच घेतो,’ असे पालक म्हणतात. शिक्षण आणि समजूत असूनही काय होते याचे उदाहरण टेक्सास टेक विद्यापीठातले आहे. जानेवारी २०१० मध्ये तेथील रसायनशास्त्राचा एक पदव्युत्तर विद्यार्थी परक्लोरेट असलेले एक संयुग खलात बारीक करत होता. एका वेळी १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त बनवायचे नाही असे ठरले होते, पण प्रत्यक्षात सुमारे १० ग्रॅम, म्हणजे शंभर पट बनवले गेले. स्फोटात त्याची तीन बोटे गेली आणि डोळ्यालाही इजा झाली. पदार्थ ओला आहे म्हणून सुरक्षित आहे, अशी त्याची समजूत होती.

पालकांनी पाळायचे नियम

१. डब्यावरची खूण ओळखा. वर्तुळ आणि त्यावर ज्वाळा असे चित्र असले की तो ऑक्सिडायझर. ट्रकवर आणि मोठ्या पेट्यांवर पिवळ्या चौकटीत ५.१ हा आकडा असतो.

२. रसायन मूळ डब्यातच ठेवा. लोणच्याच्या बरणीत किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही काढू नका.

३. जागा थंड, कोरडी आणि कुलूपबंद असावी. पेट्रोल, तेल, पेंट थिनर, अॅसिड, लाकडाचा भुसा आणि चिंध्या यांच्यापासून ती दूर हवी.

४. सांडले तर पेपर टॉवेलने किंवा भुशाने टिपू नका. कागद हे इंधनच आहे. तीव्र नायट्रिक अॅसिड किंवा पेरॉक्साइड शोषलेला कागद कचऱ्याच्या डब्यात नंतर पेटू शकतो.

५. पूलचे रसायन पाण्यात टाकावे. रसायनावर पाणी ओतू नये.

६. साधा चष्मा पुरत नाही. रसायनांसाठीचे, बाजूंनी बंद असलेले गॉगल घ्या. त्यांवर झेड८७ आणि डी३ या खुणा असतात.

७. मुलाने रसायन मागवण्याआधी ते कशासाठी, किती आणि उरलेल्याचे काय करणार, हे कागदावर लिहून घ्या. मोठ्या सायन्स फेअरमध्ये घातक रसायनांसाठी प्रयोगाआधीच धोक्यांचा फॉर्म भरावा लागतो. हीच शिस्त घरी लावावी. प्रयोग शाळेच्या लॅबमध्ये, शिक्षकांसमोर करता येत असेल तर तेच उत्तम.

अपघात झालाच तर

आग लागली तर घराबाहेर पडा आणि ९११ ला फोन करा. कोणते रसायन आहे ते सांगा. पूलच्या क्लोरीनवर घरातील पावडरचे एक्स्टिंग्विशर वापरू नका, त्याने प्रकार आणखी चिघळू शकतो.

डोळ्यांत किंवा कातडीवर उडाले तर ताबडतोब वाहत्या पाण्याखाली किमान १५ ते २० मिनिटे धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स आणि भिजलेले कपडे काढा. कोरडी पूड असेल तर आधी झटका, मग धुवा. हळद, तूप किंवा टूथपेस्ट लावू नका. गिळले असल्यास मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. पॉयझन कंट्रोलचा १-८००-२२२-१२२२ हा नंबर अमेरिकेत कुठूनही चोवीस तास मोफत चालतो. तो आजच फ्रिजवर लावून ठेवा. माणूस बेशुद्ध असेल किंवा श्वास अडत असेल तर थेट ९११.

पैशाची बाजू

अशा अपघाताचा खर्च फक्त दवाखान्याचा नसतो. आग शेजारच्या टाउनहाउसपर्यंत गेली तर त्यांचे नुकसानही आपल्या दारी येते. होमओनर्स किंवा रेंटर्स पॉलिसीत घातक रसायने, फटाके आणि जाणूनबुजून केलेली कृत्ये यांबद्दल काय लिहिले आहे ते वाचा, आणि एजंटकडून उत्तर लेखी घ्या. भाड्याच्या घराचा करारही पाहा. फटाक्यांचे आणि स्फोटकांचे कायदे प्रत्येक राज्याचे वेगळे आहेत. गुन्हा नोंदला गेला तर त्याचा परिणाम मुलाच्या कॉलेजवर आणि कुटुंबाच्या इमिग्रेशनच्या कामावरही होऊ शकतो.

उरलेले रसायन कचऱ्यात किंवा सिंकमध्ये टाकू नका. अनेक काउंट्यांत घरगुती घातक कचरा गोळा करण्याचे ठरावीक दिवस असतात. तारीख काउंटीच्या कार्यालयात विचारावी.

मुलांची जिज्ञासा मारू नये, पण तिला वळण द्यावे. स्फटिक वाढवणे, लिंबाची बॅटरी, लाल कोबीच्या रसाने आम्ल-अल्कली ओळखणे, अशा प्रयोगांतून तेवढेच रसायनशास्त्र शिकता येते. या शनिवारी अर्धा तास काढा, मुलांना बरोबर घेऊन गॅरेजमधला प्रत्येक डबा उचला आणि त्यावरचे लेबल मोठ्याने वाचा. घरातल्या प्रयोगशाळेचा पहिला धडा तोच असू द्या.