झाडाखालची गाडी आणि चिकट थेंब

प्रश्न : शीव पूर्वेला आमच्या जुन्या इमारतीला पार्किंग नाही. गाडी रस्त्यावर एका मोठ्या रेन ट्रीखाली उभी असते. उन्हाळ्यात सकाळी काचेवर आणि बॉनेटवर चिकट थेंबांचा सडा पडलेला असतो. हा झाडाचा चीक आहे का? त्याने रंग जातो का? हल्ली उन्हात गाडीभर बारीक ओरखडेही दिसतात. घरच्या घरी काय करता येईल?
– एक वाचक, शीव

उत्तर : झाडाचा यात दोष नाही. रेन ट्रीच्या, म्हणजे पर्जन्यवृक्षाच्या, फांद्यांवर पांढरट मेणचट पुंजके दिसतात का ते बघा. ते पिठ्या ढेकूण. हे कीटक फांदीत सोंड खुपसून रस ओढतात. त्या रसात साखर भरपूर, नत्र मात्र नावापुरते. नत्रासाठी त्यांना गरजेपेक्षा जास्त रस प्यावा लागतो आणि नको असलेली साखर ते थेंबाथेंबाने खाली सोडतात. तुमच्या बॉनेटवर पडते ती हीच साखर.

साखर पाण्यात विरघळते, त्यामुळे ताज्या थेंबांना साधे पाणी पुरते. दिवसभर उन्हात तापल्यावर मात्र थेंब घट्ट बसतात, त्यांवर धूळ चिकटते, पुढे काळी बुरशीही धरते. अशा वेळी जुना टॉवेल कोमट पाण्यात भिजवून पाचेक मिनिटे त्या जागेवर नुसता ठेवावा, मग हलकेच उचलावा. कावळ्या-कबुतरांच्या विष्ठेलाही हाच उपाय, पण तिथे दिरंगाई नको. त्यातले युरिक आम्ल उन्हाच्या जोडीने रंगावर कायमचा डाग पाडते. रॉकेल किंवा डिझेलचा बोळा फिरवून चकाकी आणायची सवय अजून अनेकांना आहे. ती सोडावी. तेलकट थरावर धूळ आणखी बसते आणि काचेभोवतीचे रबर खराब होते.

आता ओरखडे. माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे कारण बहुधा रोज सकाळी फिरणारे कोरडे फडके. शीवच्या रस्त्यांवर धूळ थोडी नाही. महामार्गाची वर्दळ आहे, काँक्रिटची कामे आहेत, आणि स्टेशनाजवळचा १९१२चा उड्डाणपूल ऑगस्ट २०२४ मध्ये पाडायला बंद केल्यावर तिथले बांधकामही सुरू झाले. त्या धुळीत वाळूचे आणि सिमेंटचे कण असतात. कोरडे फडके हेच कण रंगावर घासत नेते. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. त्यावर उठलेल्या हजारो बारीक रेघा उन्हात गोल जाळ्यासारख्या चमकतात.

म्हणून आधी पाणी ओतायचे, धूळ वाहून जाऊ द्यायची, मगच हात लावायचा. दोन बादल्या घ्या : एकीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत फडके खंगाळायला साधे पाणी. पुसायला मायक्रोफायबरचे कापड, छतापासून खाली. चाकांचे कापड वेगळे. भांड्यांचा साबण नको, तो वॅक्सही धुऊन नेतो. पाण्याची ओढ असेल त्या दिवशी गाडी धुळकट राहू द्या, कोरडी पुसू नका. गाडी पुसायला येणाऱ्या दादांना दोन चांगली कापडे आपणच आणून द्यावीत आणि कारण समजावून सांगावे. एका बादलीत दहा गाड्या उरकायला लावून त्यांच्याकडून निगुतीची अपेक्षा करणे बरोबर नाही.

पडलेल्या ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकत नसेल तर रबिंग कंपाउंड थोडेसे, हलक्या हाताने लावले की रेघ जाते. पण दर खेपेला तो पातळ थर आणखी झिजतो, म्हणून हा दर महिन्याचा उद्योग करू नये. नख अडकले आणि खालचा पत्रा दिसत असेल, तर पावसाळ्याआधी टच-अप लावाच. इथल्या खाऱ्या, दमट हवेत उघडा पत्रा लवकर गंजतो. रंगाचा कोड बॉनेटखालच्या किंवा दाराच्या खांबावरच्या पट्टीवर सापडतो. जागा धुऊन पूर्ण वाळवायची, गंज असल्यास बारीक पॉलिश पेपरने काढायचा, प्रायमरचा ठिपका द्यायचा, तो सुकला की रंगाचे दोन-तीन पातळ हात. बंपर प्लास्टिकचा असतो, गंजत नाही. तिथली रेघ सवडीने पाहिली तरी चालेल.

आणि झाडाकडेही बघा. मुंबईतले अनेक जुने पर्जन्यवृक्ष याच किडीने वाळून गेले आहेत. थेंब वाढले, पाने विरळ झाली, तर झाड आजारी असू शकते. शीव पूर्व पालिकेच्या एफ उत्तर विभागात येते. माटुंग्याला भाऊ दाजी मार्गावरच्या कार्यालयात उद्यान खात्याकडे फोटोसह लेखी तक्रार द्या. गाडीसाठी फांदी परस्पर तोडू नका. १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे त्यालाही परवानगी लागते.