दिवाळीनंतर रिकामे होणारे वर्ग

(एडवण, तालुका पालघर. आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका; भाची डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला.)

भाची : आत्या, मला ‘देशांतर्गत विस्थापितांचं शिक्षण’ या विषयावर लिहायचंय. वाचायला मिळतं ते सगळं सुदान नि सीरियाचं. आपल्याकडचं काय लिहू?

आत्या : अगो, बोईसरपर्यंत जा फक्त. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली. समुद्राकाठची माणसं नव्या वसाहतीत आली. पण प्रकल्पाने गाव उठतं तेव्हा निदान कागदावर तरी शाळेची आठवण राहते. 2013च्या भूसंपादन कायद्यात वसाहतीत द्यायच्या सोयींची यादी आहे, तिच्यात शाळा आहे. मला जास्त घोर लागतो तो दरवर्षी उठणाऱ्या पोरांचा.

भाची : वीटभट्टीवरच्या?

आत्या : हो. जव्हार, मोखाडा, विक्रमगड. भात झोडून झालं, दिवाळी झाली की गावात काम नाही. भट्टीमालकाची उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायला अख्खं घर वसई-भिवंडीकडे निघतं. मी जव्हारकडे शिकवायचे तेव्हा सुट्टीनंतरची पहिली हजेरी घेणं नको वाटायचं. नावामागून नाव, आणि उत्तर नाही. ही पोरं परत येतात पावसाच्या तोंडावर, परीक्षा होऊन गेल्यावर. इयत्ता पुढे सरकते, पण दुसऱ्या सत्रात जे शिकवतात ते त्यांना कुठल्याच वर्षी शिकायला मिळत नाही. पाचवीतलं पोर भागाकाराला अडतं, आणि आपण म्हणतो, याचं अभ्यासात लक्ष नाही.

भाची : पण याला विस्थापन म्हणायचं की स्थलांतर? ती माणसं पोटासाठी जातात.

आत्या : संयुक्त राष्ट्रांची 1998ची मार्गदर्शक तत्त्वं वाच. युद्ध, हिंसाचार, आपत्ती अशा कारणांनी घर सोडावं लागलं, पण देशाची सीमा ओलांडली नाही, ते देशांतर्गत विस्थापित. त्यातलं तेविसावं तत्त्व शिक्षणाचं आहे. 2024च्या अखेरीस जगात असे 8 कोटी 34 लाख लोक होते. या आकड्यात भट्टीवरचे नाहीत, आणि प्रकल्पांनी उठवलेलेही नाहीत. माझ्या मते हा हिशेब अपुरा आहे. उचल घेतलेल्या बापाला ‘जात नाही’ म्हणायची सोय नसते. त्याच्या पोराला तर कोणी विचारतच नाही.

भाची : मग अशा पोराला शिकवायचं कसं? आज इथे, उद्या तिथे.

आत्या : याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात फार आधी सापडलंय. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पुढे 1957 मध्ये काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर आलं. तिथे त्यांना दिसलं की वारली पोरं शाळा चुकवतात ती खोडी म्हणून नव्हे. मुलगे गुरं राखायला जातात, मुलींच्या काखेत धाकटं भावंड असतं. म्हणून त्यांनी शाळा गुरांमागे नेली, कुरणात. तीच कुरणशाळा. आणि पाळणाघर, बालवाडी, प्राथमिक शाळा एका ठिकाणी आणली, त्या विकासवाडीत. पाळण्यात भावंडाची सोय झाली की मोठीचे हात पाटीला मोकळे. पोर शाळेत का येत नाही, हे आधी त्याच्या दिवसात जाऊन बघायचं, मग वेळापत्रक आखायचं. शिक्षणाची एवढी मोठी गोष्ट या दोन बायांनी आपल्या शेजारी करून दाखवली, आणि आपण ती विसरतो याचं मला फार वाईट वाटतं.

भाची : भट्टीवर तसं कोणी केलं?

आत्या : केलं. विवेक आणि विद्युल्लता पंडितांच्या विधायक संसदेने 1990च्या दशकात वसईच्या बाजूला भोंगाशाळा काढल्या. भट्टीवर मजूर विटा रचून, वर गवत टाकून राहायला झोपडी करतात, तो भोंगा. शाळाही तशाच भोंग्यात. आई-बाप पहाटेपासून गारा करतात, विटा थापतात. पोरं सुकायला टाकलेल्या विटा उलटवतात. ती दोन हाकांच्या अंतरावरच्या शाळेत येऊ शकतात, तीन किलोमीटरवरच्या नाही. ऊसतोडीच्या पोरांसाठी साखरशाळा निघाल्या, त्याही याच विचाराने.

भाची : आमच्या सरांचं म्हणणं वेगळं आहे. अशी वेगळी शाळा म्हणजे गरिबाला दुय्यम शाळा. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक मूल नियमित शाळेतच हवं.

आत्या : सरांचं खरं आहे. 2009चा कायदा सांगतो की स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देणं हे स्थानिक प्राधिकरणाचं काम. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. वयाप्रमाणे इयत्तेत घ्यायचं आणि मागे राहिलेलं वेगळं शिकवून भरून काढायचं. हे सगळं योग्यच. पण पटावर नाव चढलं म्हणजे पोर वर्गात पोचलं असं नाही. भट्टी गावाबाहेर, मधे हायवे, आणि सहा वर्षांच्या पोराला सोडायला येणार कोण? मला विचारशील तर नाव जवळच्या शाळेच्या पटावर, पोषण आहार त्याच शाळेचा, शिकवायला मात्र माणूस भट्टीवर. पोर जरा स्थिरावलं की गाडीने शाळेत. यातलं एक धरून दुसरं सोडलं की पोर सुटतं.

भाची : आणि पोरांना गावातच ठेवलं तर? हंगामी वसतिगृहं आहेत ना?

आत्या : आहेत, आणि जिथे नीट चालतात तिथे ती सगळ्यात बरी. शाळा तीच, बाई त्याच, बोली तीच. नंदुरबारहून बारडोलीकडे ऊस तोडायला गेलेल्या पोराला शाळा मिळाली तरी ती गुजराती, तो प्रश्नच उरत नाही. अडतं ते मुलींचं. मुलगा आजीकडे राहतो, मुलीला बरोबर नेतात, कारण तान्हं बाळ सांभाळायला ती लागते. भट्टीवर पाळणाघर नसेल तर वसतिगृहात मुलींच्या जागा रिकाम्याच राहणार.

भाची : मी उद्या शिक्षिका झाले, जव्हारला नेमणूक झाली, तर माझ्या हातात काय असेल?

आत्या : नवरात्रापासूनच घरोघर विचारायला लाग, कोण कुठल्या भट्टीवर जाणार. जाणाऱ्या प्रत्येक पोराला शिक्षण हमी पत्रक दे, म्हणजे ते काय शिकलंय आणि कुठे अडलंय हे पुढच्या शाळेला कळेल. पत्रक कोनाड्यात पडून राहतं, म्हणून तिकडच्या मुख्याध्यापकांना स्वतः फोन कर. आणि जूनमध्ये पोरं आली की पहिल्या पानापासून नवं पुस्तक उघडू नकोस. आधी मागच्या वर्षीचं दुसरं सत्र काढ.