‘ऑब्झर्व्हेशनखाली ठेवले आहे’ म्हणजे काय?

रोवणीचे दिवस असतात. नागझिऱ्याच्या भोवतालच्या एखाद्या गावातून एका माणसाला रात्री दवाखान्यात आणले जाते. जमिनीवर झोपलो असताना हाताला काहीतरी चावले, एवढेच तो सांगू शकतो. डॉक्टर तपासतात, सलाईनची सुई लावून ठेवतात आणि नातेवाइकांना सांगतात, ‘‘चोवीस तास ऑब्झर्व्हेशनखाली ठेवावे लागेल.’’

दोन-तीन तास जातात. रोगी बोलतो, चहा मागतो. मग व्हरांड्यात कुजबुज सुरू होते. ‘‘सापाचे इंजेक्शनही दिले नाही. नुसते झोपवून ठेवले आहे. त्यापेक्षा घरी नेऊ.’’ घात येथेच होतो. म्हणून आज या एका इंग्रजी शब्दाचा अर्थ नीट समजून घेऊ.

शब्दाचे कूळ

‘ऑब्झर्व्ह’ हे क्रियापद लॅटिन भाषेतून आले आहे. त्यातील ‘सर्व्हारे’ या धातूचा अर्थ राखणे, सांभाळणे असा होतो. या कुळातले दोन शब्द आपल्या परिचयाचे आहेत. वनसंरक्षकाला इंग्रजीत ‘कॉन्झर्व्हेटर’ म्हणतात. नवेगाव-नागझिरा हा २०१३ मध्ये ‘टायगर रिझर्व्ह’ म्हणजे व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाला. ही सारी राखणीचीच भाषा आहे. थोडक्यात, आपल्याकडे पीक उभे असताना शेतकरी शेतात जागल करतो, तसा हा शब्द आहे. डुक्कर आले की नाही, हे जागलीला बसलेला माणूस नुसते पाहत नाही. ते येताच उठतो.

तीन अर्थ

इंग्रजीत हा शब्द मुख्यतः तीन प्रकारे वापरतात.

पहिला अर्थ, लक्षपूर्वक पाहणे व त्याची नोंद ठेवणे. शाळेच्या प्रयोगवहीत कृतीनंतर ‘निरीक्षण’ लिहितात, ते हेच. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून किती वाजता कोणता प्राणी आला हे कागदावर लिहितात, तेही ऑब्झर्व्हेशनच.

दुसरा अर्थ, पाळणे. उपास, मौन, नियम हे सर्व इंग्रजीत ‘ऑब्झर्व्ह’ केले जातात. मात्र या अर्थाचे नाम ‘ऑब्झर्व्हन्स’ असे होते, ‘ऑब्झर्व्हेशन’ नव्हे. विद्यार्थ्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

तिसरा अर्थ, पाहून मांडलेले मत. ‘न्यायालयाने असे निरीक्षण नोंदविले’ हे वाक्य आपण वृत्तपत्रात नेहमी वाचतो.

दवाखान्यात पहिला अर्थ लागू होतो. पण त्यात एक गोष्ट गृहीत असते. धोक्याची खूण दिसताच उपचार करण्याची तयारी हाताशी हवी. म्हणून मराठीत ‘निरीक्षण’ यापेक्षा ‘देखरेख’ हा शब्द येथे अधिक चपखल बसतो.

लगेच इंजेक्शन का देत नाहीत?

प्रत्येक साप विषारी नसतो. विषारी साप चावला तरी दर वेळी शरीरात विष जातेच असे नाही. सर्पविषावरील प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून तयार करतात. काही रोग्यांना त्याची तीव्र रिॲक्शन येऊ शकते. म्हणून विषबाधेची लक्षणे दिसताच ते द्यावयाचे, उगाच द्यावयाचे नाही, अशी पद्धत आहे. लक्षणे आधीच दिसत असतील तर डॉक्टर वाट पाहत नाहीत.

मण्यार हा साप यात सर्वांत फसवा. तो रात्री फिरतो, घरात शिरतो व झोपलेल्या माणसाला चावतो. वेदना फारशी होत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणाही पुष्कळदा दिसत नाहीत. लक्षणे काही तासांनी सुरू होतात. पोटात दुखते, ओकारी होते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. चहा मागणारा रोगी सुरक्षित आहे असे समजू नये, ते यासाठी. मात्र अशा वेळी रोगी दवाखान्यात असेल, तर कृत्रिम श्वासावर ठेवून त्याला वाचविता येते.

चोवीस तासांत काय पाहतात?

नाडी, रक्तदाब व श्वास ठराविक वेळाने मोजतात. पापण्या पूर्ण उघडतात का, मान उशीवरून उचलता येते का, एका दमात कितीपर्यंत आकडे म्हणता येतात, हे तपासतात. हिरड्यांतून रक्त येते का, लघवी किती व कोणत्या रंगाची होते, सूज वर चढते का, हे पाहतात.

घोणस किंवा फुरसे चावल्यास रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. त्यासाठी थोडे रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलवता ठेवतात. मग नळी तिरपी करतात. रक्त गोठले नसेल तर विष भिनले असे समजतात. गोठले असले तरी ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. एकदा ठीक आले म्हणून रोग्याला सोडता येत नाही.

नातेवाइकांनी काय करावे?

रोग्याजवळ एकाने जागे राहावे. त्याचा आवाज बदलला, डोळे मिटू लागले, लाळ गळू लागली किंवा कोठून रक्त आले, तर लगेच नर्सला सांगावे. ‘झोप लागली असेल’ असे म्हणून गप्प बसू नये. चोवीस तास होण्याआधी घरी नेण्याचा हट्ट धरू नये.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. ‘घरीच लक्ष ठेवू, त्रास झाला तर नेऊ’ याला ऑब्झर्व्हेशन म्हणत नाहीत. घरी प्रतिविष नाही, श्वास देण्याचे साधन नाही. साप चावला किंवा नुसता संशय आला तरी रोग्याला धीर द्यावा, चालवू नये. चावलेला हात किंवा पाय काठीचा आधार देऊन स्थिर ठेवावा. अंगठी व बांगड्या काढाव्यात. करकचून दोरी बांधू नये, जखम कापू किंवा चोखू नये, साप मारण्यात वेळ घालवू नये. मंत्र उतरविण्याकडे न वळता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, अथवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष असलेला जवळचा सरकारी दवाखाना गाठावा.

आणि मुळात सापाला संधीच देऊ नये. खाटेवर झोपावे. मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. ती हिवतापापासून वाचवते, तशी मण्यारीपासूनही. रात्री बाहेर पडताना टॉर्च व पायात जोडे असावेत.

देखरेख रोग्याची, तशी गावाचीही

‘ऑब्झर्व्हेशन’ एका रोग्यावर ठेवतात. साऱ्या गावावर, जिल्ह्यावर ठेवलेल्या अशाच लक्षाला ‘सर्व्हेलन्स’ म्हणतात. हिवतापासाठी घरोघर फिरून रक्ताचे नमुने घेणारा आरोग्य कर्मचारी हेच काम करतो. सर्पदंशाच्या प्रत्येक रोग्याची नोंद व्हावी यासाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२४ मध्ये राज्यांना तशी सूचना केली. कोठे किती जणांना साप चावतो हे कळले, तर कोठे किती प्रतिविष ठेवावे हेही ठरविता येते.

तेव्हा यापुढे ‘ऑब्झर्व्हेशनखाली ठेवले आहे’ असे ऐकले, तर ‘काहीच करत नाहीत’ असा अर्थ घेऊ नका. तेथे जागल चालू आहे असे समजा, आणि त्या रात्री आपणही जागे राहा.