राळेचा वास आणि पाइनचा शत्रु

घराच्या दारांस रंग देतांना रंगारी रंगांत जें टर्पेंटाइन मिसळतो, त्याचा उग्र वास आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या परिचयाचा असेल. हें तेल पाइन वृक्षाच्या राळेपासून काढतात, व त्यांत अल्फा-पायनीन नांवाचें द्रव्य पुष्कळ असतें. वृक्षास या द्रव्याचा उपयोग काय? आणि त्याचें रक्षण करणारें हेंच द्रव्य कधीं कधीं त्याच्या नाशास कारण कसें होतें? या प्रश्नांचा आज आपण विचार करूं.

वृक्षास शत्रूपासून पळून जातां येत नाहीं. जेथें तो रुजला, तेथेंच उभें राहून त्यास लढावें लागतें; आणि राळ हें त्याचें शस्त्र होय. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरांत लॉजपोल पाइनचीं मोठीं अरण्यें आहेत. तेथें तांदळाच्या दाण्याएवढा एक काळा भुंगेरा या झाडांच्या सालीखालीं अंडीं घालतो. मादी साल पोखरूं लागली कीं जखमेंतून राळ वाहूं लागते. सशक्त वृक्षाची राळ इतक्या जोरानें येते कीं, मादी तींत गुदमरून मरते किंवा बाहेर लोटली जाते. राळेंतील द्रव्यें विषारीहि असतात. संत्र्याच्या सालीस ज्याच्यामुळें सुवास येतो तें लिमोनीन यांपैकींच एक असून, तें अशा किड्यांस विशेष घातक आहे.

परंतु शत्रूहि कमी नाहीं. मादी आपल्या शरीरांत अल्फा-पायनीनाचें रूपांतर ट्रान्स-व्हर्बेनॉल नांवाच्या निराळ्या द्रव्यांत करते. त्याचा वास हवेंत पसरतांच दुसरे भुंगेरे तेथें धांव घेतात. म्हणजे वृक्षाच्या शस्त्रानेंच शत्रु आपलें सैन्य बोलावतो! एकटीदुकटी मादी सशक्त वृक्षापुढें टिकत नाहीं. पण शेंकडों भुंगेरे एकदम तुटून पडले म्हणजे राळ पुरी पडत नाहीं. त्यांच्याबरोबर आलेली बुरशी लांकडांत शिरून पाण्याचा मार्ग बंद करते, आणि दुसऱ्या वर्षीं झाडाचीं हिरवीं पानें तांबडीं पडतात. झाडावर गर्दी झाली कीं व्हर्बेनोन नांवाचा तिसरा वास सुटतो. ‘येथें जागा नाहीं’ असा त्याचा अर्थ समजून मागून आलेले भुंगेरे शेजारच्या झाडाकडे वळतात.

याचा परिणाम कॅनडांतील ब्रिटिश कोलंबिया प्रांतानें भोगला. उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासची थंडी टिकली तर या किड्याच्या अळ्या मरतात. हिंवाळे सौम्य झाले, तशा त्या जगूं लागल्या. १९९० नंतरच्या दशकांत सुरू झालेली ही सांथ सुमारें १ कोटी ८० लक्ष हेक्टर अरण्यांत पसरली. हें क्षेत्र आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून मोठें आहे! २००६ सालीं भुंगेऱ्यांचे मोठे थवे वाऱ्याबरोबर रॉकी पर्वत ओलांडून अल्बर्टा प्रांतांत उतरले. तेथें त्यांस जॅक पाइन हा नवा वृक्ष भेटला; त्यावरहि ते वाढतात, हें २०११ सालीं सिद्ध झालें. जॅक पाइनमध्यें अल्फा-पायनीन विपुल असतें, म्हणजे बोलावणें धाडण्यास सामग्री आयतीच! शिवाय या वृक्षाचीं अरण्यें पूर्वेकडे अटलांटिक किनाऱ्यापर्यंत गेलीं आहेत. म्हणूनच शास्त्रज्ञांस चिंता वाटली. पुढें कडक हिंवाळ्यांनीं आणि वनाधिकाऱ्यांच्या प्रयत्नांनीं अल्बर्टांतील भुंगेरे पुष्कळ घटले. तरी सावधगिरी सुटलेली नाहीं.

शत्रूची भाषा कळली म्हणजे ती त्याच्याविरुद्ध वापरतां येते. व्हर्बेनोनच्या पिशव्या झाडांस अडकवून भुंगेऱ्यांस परत फिरवितात. आपल्या देशांतहि असा उपाय आहे. मध्यप्रदेशांतील सालवृक्षांवर दुसऱ्या एका भुंगेऱ्याची सांथ येते. १९९७-९८ च्या सुमारास ती फार मोठी होती. तेथें वनखात्याचे लोक सालवृक्षाचे ताजे ओंडके ठेंचून ठेवतात. रसाच्या वासानें भुंगेरे तो पिण्यास जमतात, आणि मग त्यांस वेंचून मारतां येतें.

झाडावर डिंक किंवा राळ ओघळलेली दिसली कीं मुलें ती काढावयास धांवतात. विद्यार्थिमित्रहो, पुढल्या खेपेस क्षणभर थांबून ती कोठून आली तें पाहा. तेथें साल फाटली आहे, कीं किड्यानें भोंक पाडलें आहे? तें नीट टिपून ठेवा. अरण्यांचें रक्षण करणाऱ्या शास्त्रज्ञांचें कामहि अशाच निरीक्षणापासून सुरू होतें.