वकिलीतली चार वर्षं मुलाखतीत कशी सांगायची?

प्रश्न : मी पिरंगुटला राहते. एलएल.बी. झाल्यावर चार वर्षं एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम केलं. पौडचं न्यायालय, तहसील, अधूनमधून शिवाजीनगर. आता घरच्या जबाबदाऱ्यांमुळे ठरावीक पगाराची नोकरी हवी आहे. इथल्याच दोन कारखान्यांत कायदा अधिकाऱ्याच्या जागेसाठी मुलाखती दिल्या. दोन्हीकडे विचारलं, 'तुमच्यामुळे कंपनीचा काय फायदा होईल?' मी माझे विषय, गुण आणि ऑफिसमधली कामं सांगितली, पण समोरच्यांना ते पटलेलं दिसलं नाही. स्वतःच्या कामाची किंमत स्वतःच्या तोंडाने कशी सांगायची? अशिलांची गुपितं न फोडता पुरावा कसा द्यायचा? शिवाय माझं इंग्रजी बेताचं आहे.
– एक वाचक, पिरंगुट

उत्तर : विचारलं होतं कंपनीबद्दल आणि तुम्ही सांगितलं स्वतःबद्दल. गाडी तिथे अडली. पौड रस्त्यालगतच्या कारखानदाराला तुम्हाला कोणते विषय होते यात रस नसतो. शेडसाठी घेतलेल्या जागेत उद्या कुणाचा हक्क निघेल का, गिऱ्हाइकाकडे अडकलेली बिलं कशी सुटतील, कंत्राटी कामगारांवरून नोटीस आली तर काय, या गोष्टींनी त्याची झोप उडालेली असते. तुमची चार वर्षं यातल्या कुठल्या काळजीवर उपयोगी पडतील, ते त्याला ऐकायचं असतं.

या बाबतीत मला कॉर्नेलिया सोराबजींची आठवण होते. जन्म १८६६ चा, नाशिकचा. शिक्षण पुण्यात, डेक्कन कॉलेजात. १८९२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डला बी.सी.एल. ही कायद्याची परीक्षा दिली. ती देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तरीही त्या काळी ऑक्सफर्ड स्त्रियांना पदवी देत नव्हतं आणि हिंदुस्थानात परतल्यावर वकील म्हणून उभं राहायची वाटही बंद होती. तेव्हा त्यांनी सरकारपुढे एक न होणारं काम मांडलं. पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांच्या नावावर मोठमोठ्या इस्टेटी असत, पण पुरुष वकिलाला त्यांच्याशी समोरासमोर बोलता येत नसे. त्यांचं म्हणणं कारभाऱ्याच्या तोंडून बाहेर यायचं. या स्त्रियांसाठी एक स्त्री कायदेसल्लागार नेमा, अशी मागणी सोराबजींनी लावून धरली, आणि १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. स्त्रियांना वकिली खुली करणारा कायदा त्यानंतर, १९२३ मध्ये आला. जी जागा अस्तित्वातच नव्हती, ती त्यांनी गरज दाखवून निर्माण करायला लावली. तुमच्यासाठी तर जागा आधीच निघालेली आहे.

आता तुमच्या कामाकडे येऊ. 'मी जमिनीची कामं पाहायचे, टायटल सर्च करायचे' हे वाक्य मुळशीतला कुठलाही ज्युनियर म्हणू शकतो. त्याऐवजी एकच प्रकरण निवडा आणि ते साधारण असं सांगा :

'एका खरेदीदाराची विसार द्यायची तयारी झाली होती. संगणकीकृत सातबारा स्वच्छ दिसत होता. मी जुने हस्तलिखित उतारे आणि सगळे फेरफार मागवले. एका फेरफारात कूळकायदा कलम ४३ चा शेरा निघाला. तो पुढच्या उताऱ्यांवर उतरलाच नव्हता. मी शोध अहवालात ते लिहिलं, सरांनी विसार थांबवायला सांगितलं, आणि परवानगी-नजराण्याची पूर्तता झाल्यावरच खरेदीखत झालं.'

हा अर्थात नमुना आहे. तुमचं प्रकरण तुमचंच असू द्या. यात स्वतःची स्तुती कुठेही नाही, त्यामुळे बोलताना संकोच वाटायचं कारण नाही. धोका काय होता, तो कोणत्या कागदात सापडला आणि पुढे काय झालं, एवढंच आहे. ऐकणाऱ्याला मात्र आपल्या पुढच्या जागेच्या व्यवहारात ही मुलगी शेजारी बसलेली दिसू लागते.

त्या नमुन्यातलं 'मी' आणि 'सरांनी' पुन्हा वाचा. आपल्याकडे ज्युनियर एक तर सगळंच 'आमच्या ऑफिसने केलं' म्हणून मोकळे होतात, नाही तर सिनियरांचा युक्तिवादही स्वतःच्या नावावर खपवतात. पहिल्याने तुमचं काम दिसत नाही, आणि दुसरं तर एका प्रश्नात उघडं पडतं. समोर जाणकार वकील बसलेला असेल तर तो सहज विचारेल, 'खरेदीदार शेतकरी होता का? कलम ६३ चं काय केलंत?' ज्याने फाइल खरोखर हाताळली आहे तो इथे अडखळत नाही. म्हणून तुमचा वाटा लहान असला तरी तो नेमका सांगा. फेरफार तुम्ही काढले असतील तर तेवढंच म्हणा. तेवढं पुरेसं वजनदार आहे.

चेक न वटल्याच्या प्रकरणांचंही असंच. कलम १३८ खाली बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती पोचल्यावर १५ दिवसांची मुदत, आणि ती संपल्यावर महिनाभरात फिर्याद. चार वर्षांत तुमच्या ताब्यातल्या एकाही फाइलची ही मुदत चुकली नसेल, तर ते आवर्जून सांगा. न्यायालयात ही रोजची बाब असली, तरी कंपनीच्या हिशेब विभागाला त्याचं फार मोल आहे.

मुलाखतीच्या आधी कंपनीची माहिती काढा. हे सगळेच सांगतात. वकिलाने मात्र ती वकिलाच्या नजरेने काढायची. समजा, कंपनी मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवते आणि सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून तिची उद्यम नोंदणी आहे. मग एमएसएमईडी कायदा, २००६ नुसार तिच्या मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत मिळायला हवेत. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज मागता येतं, आणि त्यासाठी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे दाद मागायची सोय आहे. अनेक पुरवठादार गिऱ्हाईक तुटेल या भीतीने हा मार्ग धरत नाहीत. तुम्ही विचारा, 'तुमची किती बिलं ४५ दिवसांच्या पुढे गेली आहेत? ती वसूल करताना गिऱ्हाईकही टिकवायचं असेल, तर पहिलं पत्र कसं लिहायचं, ते मी सांगू शकते.' तुमच्या दोन्ही मुलाखतींत असा प्रश्न तुमच्याकडून गेला असता, तर बोलणं वेगळ्या वळणावर गेलं असतं असं मला ठामपणे वाटतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांतल्या कंत्राटी कामगारांच्या तरतुदीही वाचून जा.

आता गुपितांचं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मुळे (जुन्या पुरावा कायद्यात ते कलम १२६ होतं) अशिलाने विश्वासाने सांगितलेलं वकिलाला त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही, आणि वकीलपत्र संपलं तरी हे बंधन संपत नाही. नुसतं नाव गाळून तुमच्या भागात भागणार नाही. 'उरवड्याच्या बाजूचा रंगाचा कारखाना' किंवा 'भूगावची भावकीतली वाटणी' म्हटलं की पिरंगुटमध्ये अर्ध्या लोकांना माणूस कळतो, आणि मुलाखत घेणारा कदाचित त्याच माणसाचा शेजारी असतो. म्हणून गाव, रक्कम, वर्ष, धंदा सगळं काढा आणि कायद्याचा पेच तेवढा ठेवा. मोबाइलमधला अशिलाचा कागद दाखवू नका, कुणी आग्रह केला तरीही. लेखनाचा नमुना मागितला, तर काल्पनिक पक्षकार घेऊन नोटिशीचा किंवा कराराचा मसुदा घरून तयार करून न्या. 'हे मला सांगता येणार नाही' हे वाक्य शांतपणे म्हणा. उद्या तुम्ही त्यांचीही गुपितं अशीच सांभाळाल, हे त्यांना त्यातून कळतं.

याला जोडून आणखी एक. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की कलम १३२ चं संरक्षण न्यायालयात वकिली करणाऱ्यांना आहे. कंपनीच्या पगारी कायदा अधिकाऱ्याला ते मिळत नाही. म्हणजे नोकरीत तुम्ही लिहिलेला सल्ला उद्या मागवला गेला, तर या कलमाचा आडोसा घेता येणार नाही. नाजूक प्रकरणात बाहेरचा वकील केव्हा घ्यायचा, हे ओळखणं त्यामुळे तुमच्या कामाचाच भाग ठरेल. मुलाखतीत हे बोलून दाखवा.

इंग्रजीची इतकी धास्ती घेऊ नका. करारमदार इंग्रजीत असतात, तेव्हा ते वाचता-लिहिता यायलाच हवं, आणि त्यावर मेहनत घ्या. पण सातबारा, फेरफार, तलाठ्याचा पंचनामा, ग्रामपंचायतीचा ठराव हे सगळं मराठीत असतं. मराठी कागदांचा गठ्ठा वाचून त्याचं सार साहेबांना एका पानात सोप्या इंग्रजीत देणारा माणूस या पट्ट्यातल्या कंपन्यांना खरोखर हवा आहे. मोडी वाचता येत असेल तर तेही सांगा, जुन्या दप्तरांत कामाला येतं.

'वकिली का सोडता?' हे विचारतीलच. ठरावीक उत्पन्न हवं आहे, असं सरळ सांगा. त्यात कमीपणा नाही. सिनियरांबद्दल वावगा शब्द मात्र काढू नका.

पूर्ण वेळ पगारी नोकरी आणि वकिली एकाच वेळी करता येत नाही, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ४९ आहे. सनद स्थगित ठेवावी लागेल. पुढे कधी न्यायाधीश व्हायचं मनात आलं, तर हेही लक्षात ठेवा : २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने कनिष्ठ स्तर न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली आहे. तुमची चार झाली आहेत, ती वाया जाऊ देऊ नका. या अनुभवासाठी किमान १० वर्षं वकिली केलेल्या वकिलाचा दाखला चालतो, पण त्यावर न्यायिक अधिकाऱ्याची मान्यता लागते. तो दाखला आत्ताच घेऊन ठेवा. नेमणुकीचं पत्र हाती आलं, की रुजू होण्यापूर्वी महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे सनद स्थगितीचा अर्ज करा आणि पौडला तुमच्याकडे असलेली प्रत्येक फाइल, पुढची तारीख लिहून, सिनियरांच्या हवाली करा.