लघवीवरचा ताबा आणि कृत्रिम झडप

माझ्याकडे येणारा एक तरुण भिवापूरच्या मिरची सातऱ्यावर पोती उचलत असे. झाडावरून पडून त्याच्या कण्याला मार लागला. काठीच्या आधाराने तो चालू लागला, पण लघवीवरचा ताबा परत आला नाही. कपडे ओले होतील, वास येईल या धास्तीने त्याने एस.टी.त बसणे सोडले. "पायांचं सोडा, डॉक्टरसाहेब, चारचौघांत बसता येत नाही," एवढेच तो म्हणाला.

मूत्राशय भरल्याचा निरोप मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो व लघवी धरून ठेवण्याचा हुकूम त्याच वाटेने खाली येतो. कण्याला इजा झाली किंवा जन्मतः मज्जारज्जूत दोष असला, की ही वाट तुटते. काहींच्या बाबतीत औषधे पुरतात. ज्यांची मूत्रमार्ग बंद ठेवणारी झडपच निकामी झाली आहे, त्यांपैकी निवडक रुग्णांना कृत्रिम झडप बसवता येते. अमेरिकेतील डॉ. ब्रँटली स्कॉट व सहकाऱ्यांनी १९७३ साली ही पद्धत प्रसिद्ध केली.

हिचे तीन भाग असतात. मूत्रमार्गाभोवती द्रवाने भरलेला पट्टा, पोटात लहान फुगा आणि पुरुषांमध्ये अंडकोशाच्या पिशवीत पंप. पंप दाबला की पट्ट्यातील द्रव फुग्यात जातो व मार्ग मोकळा होतो. दोन-तीन मिनिटांत पट्टा आपोआप भरतो. म्हणून हाताची बोटे नीट चालणे आवश्यक असते. जखम भरण्यासाठी झडप सुमारे सहा आठवडे बंद ठेवतात, तोवर गळती चालूच राहते. धीर सोडू नये.

शस्त्रक्रियेपूर्वी मूत्राशयातील दाब मोजणे अत्यावश्यक. दाब जास्त असताना बाहेरची वाट बंद केली, तर मूत्रपिंडांना धोका पोहोचतो.

आमच्या तरुणाने मोठ्या शहरात जाऊन ही शस्त्रक्रिया करून घेतली. मूत्राशय आपण होऊन रिकामे होत नसल्याने तो आजही दिवसातून चार-पाच वेळा, पंप दाबून, स्वच्छ हातांनी नळी घालतो. जोरात खोकला आला तर थेंबभर गळते. म्हणजे सर्व पूर्ववत झाले असे नाही. पण गेल्या लग्नसराईत तो पंगतीत बसून जेवला, हे मला त्याने दोनदा सांगितले.

अशा रुग्णांनी तीन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, झडप बसवल्याची चिठ्ठी सदैव खिशात ठेवावी. बेशुद्धावस्थेत कोणी पट्टा न उघडता नळी घातली, तर मूत्रमार्गाला इजा होते. दुसरी, ताप, सूज, दुखणे किंवा अचानक गळती सुरू झाल्यास शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना त्वरित भेटावे. तिसरी, मूत्रपिंडांची तपासणी नियमित करावी. यंत्र जन्मभर पुरेलच असे नाही; पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते. तिचा खर्च आधीच विचारून घ्यावा.

आणि घरच्यांनो, अशा माणसाला "घरीच बस" म्हणू नका. ताबा सुटणे हा आजार आहे. त्यात लाजण्यासारखे काही नाही.